मुंबई पाहायला जाताना

मुंबई आपल्यापासून किती लांब आहे? भिवंडीहून ठाणे पंधरा-सोळा किलोमीटर. ठाण्याहून मुंबईचे शेवटचे स्टेशन चौतीस किलोमीटर. म्हणजे सगळे मिळून पन्नास किलोमीटर. सकाळची भाकरी घरी खावी, दुपारची मुंबईत खावी आणि रात्रीच्या जेवणाला घरी परत यावे, एवढेच अंतर. तरीही आपल्या तालुक्यात अशी कितीतरी माणसे आहेत की ज्यांनी मुंबई पाहिलेली नाही. मुलांनी पाहिली, नातवंडांनी पाहिली. आईबापांनी मात्र पाहिली नाही.

असे का? आमच्या रात्रीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला. कोणी म्हणाले, "गुरुजी, कामातून सवड कुठं?" कोणी म्हणाले, "पैसे लागतात." तेही खरेच. पण वर्गात सत्तरीच्या एक मावशी येतात. त्या म्हणाल्या, "भ्या वाटतं. तिथं सगलं पाटीवर लिवलेलं. आपुन आंधल्यासारखं."

मी म्हटले, "मावशी, आता तुम्हाला वाचता येते ना?"

"येतं थोडं थोडं."

"मग चला."

मावशी जरा थांबून म्हणाल्या, "मना एकच जागा बघाची हाय. आमचे मालक ज्या गिरनीत होते ती." त्यांचे यजमान परळ भागातल्या एका गिरणीत साचे खात्यात कामाला होते. आठवड्याने, पंधरा दिवसांनी गावी यायचे. ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. मावशींनी गिरणीचे दार एकदाही पाहिलेले नव्हते.

अशी आमची अकरा जणांची टोळी ठरली. सोमवारचा दिवस धरला. रविवारी गर्दी फार असते, म्हणून सोमवार. या सोमवारने माझी कशी फजिती केली ते पुढे येईलच.

ठाण्याचे स्टेशन

कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे आलेच. ठाण्याचे स्टेशन म्हणजे साधेसुधे स्टेशन नव्हे. आपल्या देशात प्रवाशांची पहिली आगगाडी धावली ती मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत. तारीख होती १६ एप्रिल १८५३. डबे चौदा, माणसे सुमारे चारशे, आणि ओढायला तीन इंजिने. इंजिनांची नावे साहेब, सिंध आणि सुलतान. गाडी सुटताना २१ तोफांची सलामी दिली. लोहमार्गाच्या कडेला लोक जत्रेसारखे जमले होते. बैलाशिवाय गाडी चालते हे तोपर्यंत त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

सकाळी आठ ते अकरा या वेळेत मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत नवख्या माणसाने चढू नये. तेव्हा नोकरीवाल्यांची झुंबड असते. साडेअकरा वाजता निघा, पाय ठेवायला जागा मिळते. ठाण्याहूनच सुटणारी गाडी मिळाली तर बसायलाही मिळते. तिकीट जाण्या-येण्याचे एकदमच काढावे आणि नीट जपून ठेवावे. पदराच्या गाठीत मारलेले तिकीट भिजून लगदा होते, हा आमचा अनुभव.

फलाटावर वर एक पाटी असते. तिच्यावर दिव्याची अक्षरे येतात. गाडी कोठे जाणार, किती वाजता जाणार, जलद की धिमी, डबे बारा की पंधरा, हे सारे तीत असते. धिमी गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते. जलद गाडी काही स्टेशने सोडून जाते. मुलुंड, भांडुप, विक्रोळी येथे उतरायचे असेल तर धिमीतच बसावे, नाही तर गाडी तुम्हाला घेऊन पुढे पळते. माझ्या लहानपणी आमच्या शेजारचा एक माग चालवणारा गडी भांडुपला बहिणीकडे निघाला आणि जलद गाडीने दादरला पोहोचला. परत फिरला, पुन्हा जलद गाडीत बसला, आणि ठाण्याला आला. असे दोनदा झाल्यावर बहिणीसाठी नेलेली पपनस त्याने स्वतःच खाल्ली आणि भिवंडीला परतला. तो हसून सांगायचा, पण पुन्हा कधी गेला नाही.

पाटी मावशींनी वाचली. "छ... छत्रपती... शि... शिवाजी... महाराज..." एवढ्यात गाडी आली. बायकांचा डबा वेगळा असतो, तेव्हा आमच्यातल्या सहा बायका तिकडे चढल्या. शेवटच्या स्टेशनाला उतरायचे असल्याने चुकण्याची भीती नव्हती. त्याच्यापुढे रूळच नाहीत.

बोरीबंदर

या शेवटच्या स्टेशनाला जुनी माणसे अजून बोरीबंदर म्हणतात. इंग्रजांनी आपल्या राणीवरून त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिले होते. १९९६ साली ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, आणि २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. इमारतीचे काम १८७८ साली सुरू झाले आणि १८८७ साली ती उघडली. आराखडा स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाचा, पण दगडावरचे बरेचसे कोरीवकाम आपल्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. २००४ साली जगाच्या वारशात तिचा समावेश झाला. जगाचा वारसा म्हणजे काय? तर ही वस्तू एका गावाची किंवा एका देशाची नव्हे, साऱ्या माणसांची आहे, ती सांभाळली पाहिजे, असे राष्ट्रांच्या संघटनेने ठरवणे.

लाखो माणसे रोज या इमारतीखालून जातात, पण मान वर कोणी करत नाही. तुम्ही रस्ता ओलांडून समोर जा आणि पाच मिनिटे वर पाहा. दगडात मोर आहे, माकडे आहेत, पाने-फुले आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ आपला. सर्वांत वर घुमटावर एक बाई उभी आहे. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. ती म्हणजे प्रगती. आमच्यातला एकजण म्हणाला, "गुरुजी, बाईला वर चढवली, पण तिकीट काढायला रांगेत बाईच उभी." यावर मी काय बोलणार?

याच स्टेशनात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी गोळीबार केला. पन्नासहून अधिक माणसे गेली. बहुतेक साधी माणसे, गावी जायला निघालेली. त्या वेळी गाड्यांची घोषणा करणारे विष्णू झेंडे आपल्या खोलीत होते. ते पळाले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून लोकांना सांगत राहिले की बाहेर पडा, इकडून जाऊ नका, तिकडून जा. त्यांच्या आवाजाने कित्येकांचे प्राण वाचले.

स्टेशनासमोर महानगरपालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सचीच. तेथून सरळ चालत गेले की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो.

हुतात्मा चौकात पांढरे कारंजे आहे. ते इंग्रजांचे, १८६४ सालचे. पण आपण पाहायचे ते शेजारचे स्मारक. एक शेतकरी आणि एक कामगार, दोघांनी मिळून मशाल धरलेली. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून जी चळवळ झाली, तीत १०५ माणसे मरण पावली. पुढे तो आकडा १०७ धरला गेला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात पोलिसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या होत्या. मग १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. आपण एक मेला झेंडावंदन करतो ते म्हणूनच. आमच्या टोळीने चपला काढून हात जोडले. कोणी सांगितले नव्हते.

जवळच विद्यापीठाचा राजाबाई मनोरा दिसतो. उंची २८० फूट. वर मोठे घड्याळ आहे. तो १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद नावाच्या कापसाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. राजाबाई आंधळी होती आणि जैन धर्माप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवत असे, घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळे, असे सांगतात. पैसा आला कोठून तेही ऐका. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत आपापसात युद्ध चालले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध थांबल्यावर तो पूर ओसरला आणि बडेबडे व्यापारी बुडाले, प्रेमचंदही बुडाले. दान दिलेले मात्र उरले. मनोऱ्यावर चढून जाता येत नाही, खालूनच पाहावा.

माझी फजिती

तेथून आम्ही गेटवेला गेलो. वाटेत मोठे वस्तुसंग्रहालय लागते. पूर्वी त्याला इंग्लंडच्या युवराजाचे नाव होते, आता छत्रपती शिवाजी महाराजांचे आहे. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे. आत जायला अर्धा दिवस पाहिजे, म्हणून ते पुढच्या खेपेला ठेवले.

गेटवे ऑफ इंडिया म्हणजे भारताचे दार. १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज या बंदरात उतरला, त्याची आठवण म्हणून हे बांधले. पण राजा आला तेव्हा हे दार नव्हतेच! तेव्हा पुठ्ठ्याचा नमुना उभा केला होता. खरे दगडी दार १९२४ साली पुरे झाले. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच दारातून बोटीवर चढून निघून गेली. समोर घोड्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तो २६ जानेवारी १९६१ ला बसवला.

माझा बेत असा की येथून बोटीने घारापुरीची लेणी पाहायला जायचे. मी वाटभर त्या लेण्यांची वर्णने केली होती. तिकिटाच्या खिडकीशी गेलो. तेथे पाटी होती. मावशी पुढे होत्या. त्यांनी एकेक अक्षर लावून वाचले, "सो... म... वा... र... बं... द." मग वळून माझ्याकडे पाहिले.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मी चाळीस वर्षे मास्तरकी केली, आणि वार विचारायचे विसरलो. सगळे इतके हसले की शेजारचा फुगेवाला पाहू लागला.

मग मी म्हटले, "घारापुरीचा हत्ती तरी दाखवतो." घारापुरीला इंग्रजीत एलिफंटा म्हणतात, म्हणजे हत्तीचे बेट. पोर्तुगीज तेथे गेले तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना दगडाचा एक मोठा हत्ती दिसला. त्यावरून नाव पडले. पुढे इंग्रजांनी ठरवले की हा हत्ती इंग्लंडला न्यायचा. १८६४ साली यारी लावून तो उचलू लागले. साखळी तुटली. हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणून टाकले आणि १९१४ साली जोडले. तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. अंगावर सांधे दिसतात. पण तो इंग्लंडला गेला नाही, येथेच राहिला.

भाऊ दाजी हे मोठे डॉक्टर. लोकांना फुकट औषध देत, जुने शिलालेख वाचत. वर्गणी गोळा करून संग्रहालय उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते १८७२ साली उघडले. आत मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. कोण काय धंदा करी, कोणता पोशाख घाली, ते त्यात पाहायला मिळते. आमच्या बायका तेथून हलेनात. वाघ-सिंहापेक्षा त्यांना त्या बाहुल्याच आवडल्या. बागेत पेंग्विन पक्षी आहेत. २०१६ साली ते कोरियाहून आणले. गार खोलीत ठेवले आहेत. नातवंडे बरोबर असतील तर ते जरूर दाखवा. बाग आणि हे संग्रहालय बुधवारी बंद असते. हे मी त्या दिवशी पाटीवरून स्वतः वाचून घेतले.

भायखळ्याचे स्टेशनही पाहण्याजोगे आहे. पहिली गाडी धावली तेव्हापासून ते आहे. जुनी दगडी इमारत दुरुस्त करून पूर्वीसारखी केली, त्या कामाला २०२२ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले.

खायचे काय

आता पोटाचे बोलू. मुंबईत सर्वांत सोपे खाणे म्हणजे वडापाव. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास पावात बटाटावडा घालून द्यायला सुरुवात केली, असे सांगतात. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला ताट मांडून बसायला वेळ नसे. हातात धरून चालता चालता खाता येईल असे ते जेवण. गंमत अशी की यातला बटाटा आपला नाही, मिरची आपली नाही आणि पावही आपला नाही. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी आणली. पावही त्यांचाच. वडा मात्र आपला. आज वडापावाशिवाय मुंबई म्हणता येत नाही.

वडापाव घेताना एवढे पाहा, की वडा समोर तळलेला आहे ना. गरम वडा सहसा बाधत नाही. पाणी घरून न्यावे. आणि चटणी जरा बेताने. आमच्या एका गड्याने तीन वड्यांबरोबर लसणाची चटणी चमच्याने खाल्ली, आणि पुढचा अर्धा दिवस त्याने मुंबईची प्रेक्षणीय स्थळे सोडून दुसरीच स्थळे शोधली.

इराण्याचे हॉटेल पाहायला मिळाले तर पाहा. इराणातून आलेल्या लोकांनी ही हॉटेले काढली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा आपले दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे म्हणतात. गोल टेबल, वर संगमरवर, मऊ पावाला लोणी आणि कडक चहा. आता फार थोडी हॉटेले उरली आहेत.

पण खरी मुंबई ज्यावर जगली ती खानावळ. कोकणातून, घाटावरून माणसे गिरणीत आली, ती एकटी आली. बायकामुले गावी. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवू घालायला चाळीतल्या बायका खानावळ चालवीत. महिन्याला पैसे. पगार झाला की द्यायचे, संप झाला की बाईने उधार जेवू घालायचे. या बायकांना वाणी आणि सावकार पिळून घेत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेच्या कागदावर सही करायची म्हणून त्यांतल्या कितीतरी जणी अक्षर गिरवायला शिकल्या असतील!

आणि डबेवाले. पांढरी टोपी, हातगाडीवर किंवा डोक्यावर लांब फळी आणि तीवर डबे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला. माणसे बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या बाजूची. घरून डबा घ्यायचा, हजार डब्यांत मिसळायचा, आगगाडीने न्यायचा आणि ज्याचा त्याला बरोबर पोहोचवायचा. पूर्वी यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग डबा ओळखायचा कसा? आधी रंगीत दोरे बांधीत. मग रंगाने खुणा करू लागले. एखादे अक्षर, एखादा आकडा, एखादी रेघ. कोणत्या स्टेशनाचा, कोणत्या इमारतीचा, कितव्या मजल्याचा, हे सारे त्या खुणेत. म्हणजे ज्यांना लिपी मिळाली नाही, त्यांनी स्वतःची लिपी केली. २०२० साली करोनाच्या साथीत गाड्या बंद झाल्या आणि डबेवाले गावी परतले. पुष्कळजण पुन्हा आलेच नाहीत. पण धंदा अजून चालू आहे.

गिरणीचे दार

भायखळ्याहून बसने आम्ही लालबाग-परळकडे गेलो. या साऱ्या भागाला गिरणगाव म्हणत. मुंबईतली पहिली कापडगिरणी निघाली ती कावसजी दावर यांची, १८५४ साली. नंतर पन्नास-साठ गिरण्या झाल्या. पहाटे भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. पुढारी डॉ. दत्ता सामंत. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप महिनोन् महिने चालला. मागे घेतला असे कोणी कधी जाहीर केलेच नाही. तो आपोआप विरला, आणि त्याबरोबर गिरण्याही. लोक गावी परतले. मावशींचे यजमानही परतले आणि शेती करू लागले.

आता आपल्या भिवंडीचे पाहा. १८५७ च्या बंडानंतर उत्तरेकडून विणकर येथे आले, त्यांनी हातमाग चालवले, पुढे यंत्रमाग आले. मुंबईत गिरण्या थांबल्या, पण लोकांनी कापड नेसायचे थोडेच सोडले? व्यापाऱ्यांनी सूत भिवंडीला पाठवले. येथे गल्लीगल्लीत माग वाढले. तिकडचा भोंगा बंद झाला आणि इकडची खडखड वाढली. मुंबईत ज्या कामगाराची नोकरी गेली, त्याचा मुलगा भिवंडीत कमी मजुरीवर तेच कापड विणू लागला. मावशींचा थोरला असाच मागावर लागला. हे मी दोष द्यायला लिहीत नाही, झाले तसे सांगतो. पण मुंबई पाहायला जाणाऱ्या भिवंडीकराने एवढे मनात ठेवून गिरणगाव पाहावे.

मावशींनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. तीत यजमानांचा गिरणीचा पास होता. फोटो पिवळा पडलेला. पूर्वी त्या तो नुसता पाहत. आता त्यांना त्यावरचा नंबर वाचता येत होता, खात्याचे नाव वाचता येत होते. विचारत विचारत आम्ही जागा शोधली. गिरणी नव्हतीच. काचेची उंच उंच घरे होती. एका बाजूला विटांचे धुराडे तेवढे उभे होते. फाटकावर उत्तरेकडचा रखवालदार. तो म्हणाला, "अम्मा, किससे मिलना है?"

मावशींनी पास पुढे केला. त्याला मराठी वाचता येत नव्हते. पण फोटो पाहिला, धुराड्याकडे पाहिले आणि त्याला उमगले. त्याने आपली खुर्ची बाहेर आणून त्यांना बसायला दिली. मावशी धुराड्याकडे बघत बसल्या. नंतर म्हणाल्या, "एवरं उंच हाय. मालक सांगायचे, मना खोटं वाटायचं."

संपाच्या वेळी कामावर असलेल्या गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरे देण्याची म्हाडाची योजना आहे. घरे थोडी आणि मागणारे फार. पण अर्ज करायला पुरावा लागतो. कामगाराचे कार्ड, पास, पगाराची चिठ्ठी, असे काहीतरी. म्हणून जुन्या पेटीतला कागद कोणीही चुलीत घालू नये. मावशींच्या डबीतला पास आम्ही दुसऱ्या दिवशी भिवंडीत झेरॉक्स करून आणला. त्यांच्या मुलाने चौकशी चालवली आहे. घर लागेल की नाही ते लागेल तेव्हा खरे. अर्जावर सही मात्र मावशी स्वतः करणार आहेत, अंगठा नाही.

संध्याकाळी दादरला उतरून आमच्यातले चारजण चैत्यभूमीला गेले. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर वारले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी येथे अंत्यसंस्कार झाले. हिंदू कॉलनीतला त्यांचा राजगृह हा बंगला तेथून फार दूर नाही. तो त्यांनी बांधला तो मुख्यतः आपली पुस्तके ठेवायला. पुस्तकांसाठी घर बांधणारा माणूस एरवी कोठे पाहिला आहे? वरळीला जपानी भिक्षूंचे एक बुद्धमंदिर आहे, ते पाहायचे राहिले. त्यांचे गुरू फुजी १९३१ साली भारतात आले आणि १९३३ साली वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले. तेथे भिक्षू ढोल वाजवून मंत्र म्हणतात. एवढ्या मोठ्या शहराच्या गोंगाटात तो ढोल ऐकू येतो, असे जाऊन आलेले लोक सांगतात.

पुन्हा एक रविवार

घारापुरी आम्ही सोडली नाही. जानेवारीतल्या एका रविवारी पुन्हा गेलो. गेटवेवरून बोटीने तास लागतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, म्हणून हिवाळा बरा. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर प्रवासी बोटीला अपघात होऊन अनेक माणसे बुडाली. तेव्हा अंगात घालायचे तरंगणारे जॅकेट मागून घ्या आणि घाला. लाज वाटू देऊ नका. आमच्या पुरुषांनी आधी हातात धरले होते. बायकांनी घातलेले पाहून मग घातले.

धक्क्यापासून वर शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. हळूहळू चढावे. खाण्याची पिशवी झाकून धरावी, माकडे नजर ठेवून असतात. वर अखंड डोंगर कोरून केलेले शिवाचे मंदिर आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. विटा नाहीत, चुना नाही. आधी दगड होता, नको तेवढा काढून टाकला, उरले ते मंदिर. भिंतींवर शंकराचे लग्न आहे, कैलास हलवणारा रावण आहे, अर्धे अंग पुरुषाचे आणि अर्धे बाईचे असा अर्धनारीश्वर आहे. पोर्तुगीजांच्या काळात पुष्कळ मोडतोड झाली. हात, पाय तुटलेले दिसतात.

पण आतली मोठी मूर्ती वाचली. ती जवळजवळ वीस फूट उंच आहे. तिला तीन मुखे. आपल्या डाव्या हाताला रागीट मुख, उजव्या हाताला बाईसारखे कोमल मुख, आणि मधे डोळे मिटलेले शांत मुख. कोठेही उभे राहा, आधी मधलेच दिसते. अकराही जण गप्प झाले. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून घाईने बाहेर येऊ नये.

बेटावर वस्ती आहे, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. समोर मुंबईचे दिवे झगमगत, आणि या गावांत पूर्ण वेळ वीज आली ती २०१८ साली, समुद्राच्या तळाखालून तार टाकून. हे एका दुकानवालीशी बोलताना निघाले. तिच्याकडे आम्ही ताक प्यालो. परतीची शेवटची बोट किती वाजता आहे हे उतरतानाच विचारून ठेवावे. या वेळी मी ते विचारले होते, आणि दोनदा विचारले होते.

आता वर्गाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे: राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरी सोमवारी बंद. दुसरी ओळ मावशींच्या हातची आहे. तिच्याखाली त्यांनी मला न विचारता आणखी दोन शब्द लिहिले आहेत: गुरुजी विसरले. 'विसरले'मधला 'वि' त्यांनी दीर्घ काढला आहे. तो मी अजून पुसलेला नाही.